सिंगापूरहून आलेली स्वस्त शेअरांची यादी

पत्र (थोडक्यात): "मी इचलकरंजीत सुताचा व्यापार करतो. वय ५२. वडिलार्जित प्लॉट विकला, माझ्या वाट्याला ४० लाख आले. त्यातले १५ लाख परदेशी शेअर बाजारात घालावेत असं मनात आहे. माझा भाचा सिंगापूरला असतो. त्यानं तीन नावं कळवली आहेत. पहिली टोकियोची, यंत्रांचे सुटे भाग बनवणारी छोटी कंपनी. तिच्याकडची रोकड तिच्या सगळ्या शेअरांच्या बाजारभावापेक्षा जास्त आहे. दुसरी कोरियाची, पुस्तकी मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं त्याच्या) ४० टक्क्यांत मिळणारी. तिसरी इस्तंबूलची एक बँक, पीई, म्हणजे भाव भागिले वर्षाचा नफा, फक्त ३. भाचा म्हणतो, जगातले बरेच बाजार अजून आंधळे आहेत, डोळस माणसाला तिथे सोनं सापडतं. सौ. म्हणते, सगळे एफडीत ठेवा. मला इंग्रजी वाचता येतं, जपानी-कोरियन नाही. अशी नावं माणसाला स्वतः शोधता येतात का? आणि या तिघांचं काय करू?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तुम्ही एका वाक्यात उरकलेली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: तुम्ही सुताचा व्यापार करता. उद्या कुणी फोन करून म्हणालं, चाळीस काउंटचं सूत बाजारापेक्षा किलोमागे पंधरा रुपये कमी, घेता का? तुम्ही लगेच गाडी पाठवणार नाही. कुठल्या मिलचं, कुणाचा माल, किती दिवस गोदामात पडलाय, हे विचाराल. पोतं उघडाल, पीळ बघाल, ओल बघाल. आणि मग कळेल की माल खराब आहे, किंवा माल चांगला आहे पण मालकाला महिनाअखेरीला बँकेचा हप्ता भरायचाय म्हणून तो पडत्या भावानं काढतोय. पहिल्या मालाकडे तुम्ही पाठ फिरवाल, दुसरा उचलाल. भाच्याच्या यादीत तिन्ही पोत्यांचा भाव लिहिलेला आहे. पोतं उघडल्याची खूण एकाही नावापुढे नाही.

बाजार आंधळे असतात का, यावर अर्थशास्त्रज्ञांचंच एकमत नाही. २०१३ चं अर्थशास्त्राचं नोबेल तिघांना मिळून दिलं गेलं. त्यातले यूजीन फामा म्हणतात की भावात उपलब्ध माहिती आधीच मुरलेली असते. रॉबर्ट शिलर म्हणतात की भाव माणसांच्या लहरींनी बरेच भरकटतात. मला स्वतःला १९८० मध्ये सॅनफोर्ड ग्रॉसमन आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी मांडलेलं सगळ्यात पटतं. भाव नेहमीच अचूक असतील तर माहिती खणून काढण्याचे कष्ट कोण करेल? आणि कुणीच खणलं नाही तर भाव अचूक राहतील कसे? म्हणून बाजारात थोडी चूक नेहमी शिल्लक राहतेच, खणणाऱ्याची मजुरी निघेल इतकी. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. हो, शोधता येतं, पण जे मिळतं ती मजुरी असते. खणल्याशिवाय ती मिळत नाही.

खणणं म्हणजे काय, त्याचं एक जुनं उदाहरण देते, कारण त्याहून चांगलं मला अजून सापडलेलं नाही. १९२६ मध्ये न्यूयॉर्कचे गुंतवणूकदार बेंजामिन ग्रॅहॅम यांना एका सरकारी तक्त्यात दिसलं की पाइपलाइन कंपन्यांना आपले सविस्तर हिशेब वॉशिंग्टनमधल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे द्यावे लागतात. १९११ मध्ये रॉकफेलरांच्या स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचे तुकडे झाले, त्यातून निघालेल्या या आठ छोट्या कंपन्या. भागधारकांना त्या ताळेबंदाच्या चार ओळी पाठवायच्या. ग्रॅहॅम रेल्वेनं वॉशिंग्टनला गेले, फायली मागवल्या आणि हातानं उतरवून घेतल्या. नॉर्दर्न पाइपलाइनचा शेअर ६५ डॉलरला मिळत होता आणि कंपनीच्या कपाटात प्रत्येक शेअरमागे सुमारे ९५ डॉलरचे रेल्वेचे वगैरे रोखे पडून होते. पाइपलाइन त्याशिवाय.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. पण खरा धडा पुढे आहे. ग्रॅहॅम शेअर घेऊन व्यवस्थापनाकडे गेले आणि म्हणाले, एवढे रोखे तुम्हाला लागत नाहीत, भागधारकांना वाटून टाका. त्यांना बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. मग त्यांनी दीड-दोन वर्षं इतर भागधारकांकडे फिरून मतं गोळा केली, १९२८ मध्ये संचालक मंडळात जागा मिळवली, आणि कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक असलेल्या रॉकफेलर फाउंडेशनची इच्छाही तीच आहे हे दिसल्यावर कुठे कंपनीनं शेअरमागे ७० डॉलर वाटले. म्हणजे स्वस्त सापडणं हे अर्धं काम. त्या कपाटाची किल्ली कुणाच्या हातात आहे आणि तो ती का फिरवेल, हे उरलेलं अर्धं.

हे मी अनुभवानं सांगते. मुंबईत वार्षिक अहवाल वाचण्याच्या नोकरीत असताना मी स्वतःसाठी एका होल्डिंग कंपनीचे, म्हणजे इतर कंपन्यांचे शेअर धरून बसणाऱ्या कंपनीचे, शेअर घेतले होते. तिच्याकडच्या गुंतवणुकीच्या निम्म्या किमतीत ती मिळत होती. माझा हिशेब बरोबर होता, आजही बरोबर आहे. नऊ वर्षं मी ते शेअर ठेवले. नऊ वर्षांनंतर ती कंपनी निम्म्याऐवजी चाळीस टक्क्यांत मिळू लागली होती. प्रवर्तकांना ती गुंतवणूक कधीच विकायची नव्हती, लाभांशही ते जेमतेम देत. त्यांच्या दृष्टीनं ती घराण्याची तिजोरी होती आणि मी तिजोरीच्या काचेतून आत बघत होते. किल्लीचा प्रश्न मी घेताना विचारलाच नव्हता.

आता टोकियोकडे वळू, कारण तुमच्या यादीतलं हे नाव खरोखर अभ्यासाच्या लायकीचं आहे.

जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला आणि तो आकडा पुन्हा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडलं. चौतीस वर्षं. या काळात जपानी कंपन्या कर्ज फेडत राहिल्या, रोकड साठवत राहिल्या आणि एकमेकींचे शेअर धरून बसल्या. पुरवठादार ग्राहकाचे शेअर धरतो, ग्राहक पुरवठादाराचे, दोघांची बँक दोघांचे. व्यवस्थापनाला प्रश्न विचारणारा बाहेरचा भागधारक त्यांना नको होता. २०२३ मध्ये टोकियो शेअर बाजाराच्या सर्वांत वरच्या, प्राइम विभागातल्या जवळपास निम्म्या कंपन्या पुस्तकी मूल्याच्या खाली मिळत होत्या. हे गुपित नव्हतं. जगातल्या प्रत्येक फंडाच्या संगणकावर ही यादी वर्षानुवर्षं दिसत होती आणि दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी उत्साहानं आत शिरून थकून बाहेर येत होतं. नुसतं स्वस्त असणं पुरत नाही, याचा एवढा मोठा पुरावा दुसऱ्या कुठल्या देशानं दिलेला मला माहीत नाही.

मग बदललं काय? किल्ली धरणारे हात बदलायला लागले. २०१४ मध्ये मोठ्या गुंतवणूकदारांसाठी आणि २०१५ मध्ये कंपन्यांसाठी नव्या आचारसंहिता आल्या. मार्च २०२३ मध्ये शेअर बाजारानंच कंपन्यांना सांगितलं की भांडवलाचा खर्च आणि शेअरचा भाव यांचा विचार करा, सुधारणेचा आराखडा जाहीर करा. जानेवारी २०२४ पासून आराखडा दिलेल्या कंपन्यांची यादी दर महिन्याला प्रसिद्ध होऊ लागली. त्या समाजात यादीत नाव नसणं ही लाजेची गोष्ट असते, आणि ती लाज कायद्यापेक्षा प्रभावी ठरली. लाभांश वाढले, बायबॅक (कंपनीनं स्वतःचेच शेअर विकत घेणं) वाढले, एकमेकींचे धरलेले शेअर विकले जाऊ लागले.

अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या कंपनीनं इतोचू, मारुबेनी, मित्सुबिशी, मित्सुई आणि सुमितोमो या पाच व्यापारी कंपन्यांचे प्रत्येकी पाच टक्क्यांहून थोडे जास्त शेअर घेतल्याचं ३० ऑगस्ट २०२० ला जाहीर केलं. या काही कोपऱ्यातल्या कंपन्या नाहीत. जपानमध्ये शाळकरी पोरांना माहीत असलेली नावं आहेत. २०२४ च्या अखेरीला त्यांची १३.८ अब्ज डॉलरची खरेदी २३.५ अब्ज डॉलरची झाली होती. पण त्यांनी बराचसा पैसा येनमध्येच रोखे काढून, अगदी अल्प व्याजानं उभा केला होता, त्यामुळे मिळणारा लाभांश व्याजापेक्षा कितीतरी जास्त होता आणि येन घसरल्याचा धक्का सौम्य झाला. तुम्ही रुपये देऊन येन घेणार. व्यवहार एकच दिसला तरी तुमच्यासाठी तो वेगळा आहे.

भाच्याच्या छोट्या कंपनीबाबत म्हणून तीन गोष्टी पाहा. तिनं गेल्या दोन वर्षांत लाभांश वाढवलाय का किंवा स्वतःचे शेअर विकत घेतलेत का. तिचे मोठे भागधारक कोण आहेत, म्हणजे संस्थापकाचं कुटुंब, एखादी मोठी कंपनी की मतं मागणारा फंड. आणि ती रोकड खरोखर मोकळी आहे का, की कामगारांच्या निवृत्तीची देणी आणि ग्राहकांचे आगाऊ पैसे वजा केल्यावर विरघळते. जपानी कंपन्यांची कागदपत्रं तिथल्या वित्तीय सेवा संस्थेच्या एडिनेट या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एप्रिल २०२५ पासून प्राइम विभागातल्या कंपन्यांना निकाल इंग्रजीतही द्यावे लागतात. छोट्या कंपन्या बहुधा इतर विभागांत असतात, त्यांच्यावर ही सक्ती नाही. भाषांतराची साधनं तुमच्या फोनवर आहेत, तशी इतर सगळ्यांच्याही फोनवर आहेत. भाषेच्या भिंतीमुळे जो स्वस्तपणा टिकून होता, तो त्यामुळेच वितळतोय.

रोकड तपासण्याची एक युक्ती आपल्याकडे चालते. ताळेबंदात बँकेत शेकडो कोटी दाखवलेत, मग व्याजाचं उत्पन्न तेवढं आलंय का ते पाहायचं. सत्यमच्या ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नव्हती, हे ७ जानेवारी २००९ ला तिच्याच अध्यक्षांच्या पत्रातून कळलं, तेव्हापासून हे गणित मी कधी चुकवत नाही. जपानमध्ये मात्र हे गणित बंद पडायचं. मार्च २०२४ पर्यंत तिथल्या मध्यवर्ती बँकेचा दर शून्याच्याही खाली होता, त्यामुळे खरी रोकडही व्याज मिळवत नव्हती. एका देशातली पारख दुसऱ्या देशात जशीच्या तशी लागू होत नाही, आणि परक्या बाजारात आपली फसगत होते ती अशा जागी.

कोरियाची कथा हीच, थोड्या वेगळ्या चेहऱ्याची. तिथले मोठे उद्योगसमूह घराण्यांच्या ताब्यात आहेत. वारसा कराचा दर ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि नियंत्रण असलेल्या शेअरांवर त्याहून वर. शेअरचा भाव जितका जास्त तितका घराण्याचा कर जास्त. म्हणजे ज्याच्या हातात किल्ली, त्यालाच भाव खाली राहिलेला परवडतो. हे कळलं की ४० टक्क्यांत मिळणाऱ्या कंपनीचं कोडं राहत नाही. तिथेही हात बदलू लागले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं मूल्यवाढीचा कार्यक्रम जाहीर केला, जुलै २०२५ मध्ये कायदा बदलून संचालकांचं कर्तव्य सर्व भागधारकांप्रती आहे असं ठरवलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथला कोस्पी निर्देशांक पहिल्यांदा ४,००० च्या वर गेला. एवढी धाव होऊनही तुमची कंपनी ४० टक्क्यांतच पडून असेल, तर भाच्याला विचारा की गावात एवढा पाऊस पडून हिच्याच अंगणात थेंब का नाही. त्याचं उत्तर तिच्या वारसदारांच्या वयात आणि शेअरवाटणीत सापडेल.

इस्तंबूलची बँक घेऊ नका. पीई ३ म्हणजे शंभर रुपयांच्या शेअरमागे वर्षाला तेहतीस रुपये नफा. ऑक्टोबर २०२२ मध्ये तुर्कस्तानची अधिकृत महागाई ८५ टक्क्यांवर होती. ज्या देशात पैशाची किंमत एका वर्षात जवळपास निम्मी झाली, तिथे शंभरामागे तेहतीस कमावूनही भागधारकाच्या पैशाची खरी किंमत घटत होती, कागदावर नफा दिसला तरी. २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला साडेसातच्या आसपास लिरा पडत, २०२४ च्या अखेरीस पस्तीस. तिथल्या माणसानं महागाईपासून वाचायला शेअर घेणं समजू शकते. तुम्ही रुपयातून तिथे जाण्याचं कारण मला दिसत नाही.

यापेक्षाही वाईट घडू शकतं. २०२१ मध्ये रशियाच्या बड्या कंपन्या नफ्याच्या चार-पाच पटीत मिळत, लाभांश भरघोस. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युद्ध पेटलं, मॉस्कोचा शेअर बाजार जवळपास महिनाभर बंद राहिला, लंडनमध्ये त्यांच्या शेअरांच्या बदली ज्या पावत्यांचे व्यवहार होत, त्या शून्याच्या आसपास आल्या आणि ३ मार्चला ते व्यवहारही थांबवले गेले. एमएससीआय या निर्देशांक बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या निर्देशांकांतून रशियाला काढलं तेव्हा शेअरांची किंमत जवळजवळ शून्य धरली. कंपन्या चालू होत्या, तेल-वायू विकत होत्या. परदेशी माणसाचा हक्क तेवढा गोठला.

आता एक उदाहरण घरचं, मुंबईच्या शेअर बाजारातलं. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स ही एक गुंतवणूक कंपनी. उपकंपनी धरून तिच्याकडे एशियन पेंट्सचे सुमारे तीन टक्के शेअर. एल्सिडचे एकूण शेअर फक्त दोन लाख, म्हणजे एकेका शेअरमागे चार लाख रुपयांहून जास्त मालमत्ता. आणि पडद्यावर भाव किती? साडेतीन रुपये. त्या शेअरवर कंपनी २५ रुपये लाभांश देत होती. बाजार आंधळा असल्याचं याहून ठळक चित्र कुठे मिळणार? पण तो भाव खरा नव्हता. त्या भावाला विकणारा कुणीच नव्हता. प्रवर्तकांनी एकदा शेअर बाजारातून कंपनी काढून घेण्यासाठी शेअरला १ लाख ६१ हजारांचा देकार दिला होता, तोही लोकांनी नाकारला होता. पुढे सेबीच्या सूचनेनुसार अशा कंपन्यांसाठी खास लिलाव झाला आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला एल्सिड एका दिवसात ३ रुपये ५३ पैशांवरून २,३६,२५० वर गेली. वर्तमानपत्रांनी तिला देशातला सगळ्यात महाग शेअर म्हटलं. तरीही ती स्वतःच्या मालमत्तेच्या निम्म्या भावालाच मिळत होती. पडद्यावरचा आकडा आणि ज्या आकड्याला प्रत्यक्ष माल हातात येतो तो आकडा यांत इतकं अंतर असू शकतं. तुमच्या टोकियोच्या कंपनीत दिवसाला किती शेअरांची उलाढाल होते, ते आधी बघा.

जो माल उचलावा असं मी सुरुवातीला म्हटलं, मालकाला विकणं भाग आहे म्हणून पडलेला, तो शेअर बाजारातही येतो. निर्देशांकातून एखादी कंपनी वगळली की निर्देशांक फंडांना ती विकावीच लागते, भाव काही असो. कंपनीचं विभाजन झालं की नवा तुकडा ज्यांच्या फंडात बसत नाही ते तो फेकून देतात. रिलायन्सपासून वेगळी झालेली जिओ फायनान्शियल २१ ऑगस्ट २०२३ ला २६५ वर नोंदली गेली आणि सलग चार दिवस खालच्या सर्किटला (दिवसात भाव जास्तीत जास्त जितका पडू दिला जातो त्या मर्यादेला) लागली, कारण निर्देशांक फंडांना ती काढायची होती आणि घेणारे थांबले होते. आठ महिन्यांनी भाव ३९० च्या आसपास होता. अर्थात मार्च २०२५ मध्ये तो पुन्हा २०० पाशी आला. विकणाऱ्याची अडचण ही तुमची संधी असते, खात्री नसते. व्यवसायाची किंमत तुम्हाला वेगळी करावीच लागते.

आणि हिशेब अचूक असूनही माणूस बुडतो, हे विसरू नका. रॉयल डच आणि शेल या १९०७ पासून ६०:४० नात्यानं बांधलेल्या दोन कंपन्या. नफा त्याच प्रमाणात वाटला जाई, म्हणून त्यांच्या किमतीही त्याच प्रमाणात असायला हव्यात. नसायच्या. ही फट बुजेल यावर लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकी फंडानं मोठी रक्कम लावली, उसन्या पैशांवर. १९९८ मध्ये फट बुजायच्या ऐवजी रुंदावली, उसने देणारे दारात आले, आणि चौदा बँकांना ३.६ अब्ज डॉलर घालून तो फंड सावरावा लागला. दोन नोबेलविजेते त्यात भागीदार होते. दोन्ही कंपन्या २००५ मध्ये एक झाल्या आणि फट कायमची मिटली, सात वर्षं उशिरा. तुमच्या धंद्यात उधारीशिवाय चालत नाही हे मला माहीत आहे. या पैशांत एक रुपयाही उसना नको.

आता वाटेवरचे टोलनाके. उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची चिंता नाही. पण वर्षात १० लाखांच्या वर जे पाठवाल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, कापून घेते. १५ लाख एकदम पाठवलेत तर एक लाख रुपये अडकतील. विवरणपत्रात ते वळते होतात, पण तोवर बिनव्याजी पडून. मार्चआधी थोडे आणि एप्रिलनंतर थोडे पाठवलेत तर हा प्रश्न येत नाही. तुम्ही व्यापारी आहात आणि अंदाजित उत्पन्नावर सोपा चार नंबरचा फॉर्म भरत असाल, तर परदेशी शेअर घेतल्यावर तो चालणार नाही. तीन नंबरचा भरावा लागेल आणि त्यात परदेशी मालमत्तेचा तक्ता, शेअर विकले नसले तरीही. सीएंना आधीच सांगा. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलेत तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, त्याआधी विकलेत तर तुमच्या स्लॅबनं. टोकियोत शंभर शेअरांचा गठ्ठा घ्यावा लागतो. पाच हजार येनचा शेअर असेल तर एका कंपनीतच अडीच-तीन लाख रुपये जातील. त्यावर बँकेचा विनिमयातला फरक आणि दलाली.

इथे बसून भारतीय ईटीएफमधून (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) परदेशी बाजार घ्यावा असा विचार आला, तर एक तपासणी न चुकता करा. आपल्या म्युच्युअल फंडांना परदेशात गुंतवण्याची एकूण मर्यादा ७ अब्ज डॉलर आहे, आणि ती भरत आल्यानं २०२२ च्या सुरुवातीपासून नवा पैसा घेण्यावर वारंवार बंधनं येत राहिली आहेत. नवे युनिट तयार होत नाहीत आणि घेणारे वाढतात, म्हणून नॅस्डॅक किंवा हाँगकाँगवरचे काही ईटीएफ त्यांच्या आतल्या मालापेक्षा बरेच चढ्या भावानं विकले जातात. हाही बाजाराचा आंधळेपणाच, फक्त त्याची किंमत घेणारा भरतो. ईटीएफचा भाव आणि त्याच दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटमागच्या आतल्या मालाची किंमत, शेजारी ठेवून पाहा. दहा टक्के फरक असेल तर स्वस्त बाजार तुम्ही महागात घेताय.

तर १५ लाखांचं काय? माझं मत असं. यंदा फक्त तीन लाख बाहेर पाठवा, तेही टोकियोची कंपनी वर सांगितलेल्या तपासणीतून पार पडली तर. नाही पडली तर काहीच पाठवू नका. उरलेल्या बारा लाखांतून, तुम्हाला घाई नसेल तर, कमी खर्चाच्या भारतीय निर्देशांक फंडात दरमहा थोडे घाला. आणि जी मेहनत तुम्ही कोरियन कंपनीवर करणार होता, त्यातली निम्मी आपल्याच बाजारातल्या छोट्या कापड आणि सूत कंपन्यांवर करून बघा. त्यांच्या गोदामात काय पडलंय, कुणाची बिलं थकलीत, कुठल्या मिलनं नवी यंत्रं बसवली, हे तुम्हाला चहाच्या टपरीवर कळतं. मुंबईच्या विश्लेषकाला ते तीन महिन्यांनी कळतं. बाजार आंधळा असलाच तर तुमच्यासाठी तो तिथे आहे. फक्त कंपनीच्या आतल्या माणसानं सांगितलेल्या, जाहीर न झालेल्या बातमीवर शेअर घेऊ नका. तो गुन्हा आहे.

वहिनींचंही ऐका. उरलेले २५ लाख एफडीत राहू द्या, पाच-सहा बँकांत विभागून, कारण ठेवींचा विमा एका बँकेत पाच लाखांपुरताच असतो. सूतबाजार मंदीत गेला आणि उधारी अडकली, की ती एफडीच तुम्हाला परदेशातले शेअर पडत्या भावात काढण्यापासून वाचवेल. तुम्हीच तो महिनाअखेरीचा अडलेला विक्रेता व्हायला नको.

भाच्यावर रागावू नका, त्यानं यादी प्रेमानं पाठवली आहे. त्याला एवढंच कळवा की टोकियोच्या कंपनीचे पहिले दहा भागधारक, गेल्या पाच वर्षांचा लाभांश आणि रोजची सरासरी उलाढाल शोधून दे. त्याचं उत्तर आलं की मला पाठवा, आपण दोघं मिळून वाचू.